घशाचा कॅन्सर: स्टेज एकच, पण इंदूरचा रुग्ण आणि झाबुआचा रुग्ण यांच्या जगण्यात एवढा फरक का?

मालवा_मंडळी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळाने यंदा गणपतीच्या वर्गणीतून दीड लाख रुपये घशाच्या कॅन्सरच्या बाहेरगावच्या रुग्णांसाठी वेगळे काढले आहेत. झाबुआ, अलिराजपूर, धारकडून माणसं बसने येतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद असतात, आणि विचारत विचारत इंदूरच्या एमवाय या सरकारी दवाखान्याच्या आवारापर्यंत पोचतात.

मंडळात दोन तट पडले आहेत. एकाचं म्हणणं, महागडी औषधं घेऊन द्या. दुसऱ्याचं, मुंबईला टाटात पाठवायचा खर्च उचला. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. शहरातला शिकलेला रुग्ण आणि खेड्यातला मजूर, दोघांचा आजार तोच, रेडिएशनचं मशीन तेच, डॉक्टरसुद्धा बरेचदा तेच. मग पाच वर्षांनी एक असतो आणि दुसरा नसतो, हे नेमकं कोणत्या टप्प्यावर ठरतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. आकडे असतील तर तेही द्या.

लिनॅक_पस्तीस

आकड्यांपासूनच सुरू करतो, कारण पहिली गफलत तिथे होते. 'घशाचा कॅन्सर' हा एक आजार नाही. स्वरयंत्राचा वेगळा, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा वेगळा, अन्ननलिकेच्या तोंडाशी होणारा हायपोफॅरिंक्सचा आणखी वेगळा. नेटवर अमेरिकेचे आकडे वाचून लोक हुरळतात. तिकडे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचे बहुतेक कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतात, ते उपचारांना फार चांगला प्रतिसाद देतात, आणि २०१८ पासून त्यांचं स्टेजिंगच वेगळं केलेलं आहे. आपल्याकडचा रुग्ण प्रामुख्याने बिडी, तंबाखू आणि दारूचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, मध्य प्रदेशात ३४.२ टक्के. तिकडचा आकडा या माणसाला लावायचा नाही.

आता जागेचा फरक बघा. स्वरपट्टीचा कॅन्सर पहिल्या स्टेजला सापडला तर शंभरातले ९० च्या आसपास रुग्ण पाच वर्षं पार करतात. गाठ तांदळाच्या दाण्याएवढी असतानाच आवाज घोगरा होतो आणि स्वरपट्टीला लसीकावाहिन्या (आजार मानेतल्या गाठींपर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्या) जवळजवळ नसल्यामुळे आजार मानेत लवकर उतरत नाही. स्वरयंत्राच्या अगदी मागे हायपोफॅरिंक्स. तिथे गाठ वाढत राहते आणि आवाज बराच काळ धडधाकट असतो. मानेत गाठ हाताला लागते तेव्हा बहुधा तिसरी-चौथी स्टेज झालेली असते आणि पाच वर्षांनी तिघांतला एक जेमतेम उरतो.

म्हणजे फरकाचा मोठा हिस्सा मशीनपर्यंत पोचायच्या आधीच पडलेला असतो. हे फक्त आपल्याकडे नाही. इंग्लंड-वेल्समध्ये उपचार फुकट आहेत, तरी पुरुषांच्या कॅन्सरांमध्ये श्रीमंत आणि गरीब वस्त्यांतली जगण्याची दरी सर्वांत रुंद ज्यांत आढळली त्यांत स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. फी माफ केली म्हणून दरी बुजत नाही.

उरलेला फरक पडतो तो सिकाईच्या, म्हणजे रेडिएशनच्या काळात, आणि याबद्दल कमी बोललं जातं. रेडिएशनचा पूर्ण कोर्स साधारण ३५ सिटिंगचा, एकूण ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), आठवड्याला ५, म्हणजे सात आठवडे. चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या कॅन्सरपेशी जास्त वेगाने वाढू लागतात. त्यामुळे कोर्स जितका लांबेल तितकी आजार परतायची भीती. स्वरयंत्राच्या बाबतीत वाया गेलेल्या प्रत्येक दिवसामागे जागेवरचा आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण १ ते १.४ टक्क्यांनी घटते. आठवडाभराची सुट्टी म्हणजे सात ते दहा टक्के गेले. कोणतंही महागडं इंजेक्शन तेवढं सहज भरून देत नाही.

आणि सुट्टी नेमकी केव्हा पडते? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तोंड आतून सोलवटून निघतं, थुंकी गिळता येत नाही, हातातले पैसे संपलेले असतात, सोबतच्या माणसाची मजुरी बुडत असते. त्यात होळीआधीचा भगोरिया, आदिवासींचा मेळा आला, सोयाबीनची कापणी आली, की 'दोन दिवस घरी जाऊन येतो' म्हणून माणूस उठतो. झाबुआ दीडशे किलोमीटर, पुढे फळियापर्यंत (पाड्यापर्यंत) जीप. परत येतो आठ-दहा दिवसांनी, किंवा येतच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पैसा सात आठवडे इंदुरात टिकून राहण्यावर लावा. रुग्ण आणि सोबती यांच्या खोली-जेवणाचे दिवसाला ४०० रुपये धरले तर ४९ दिवसांचे १९,६०० होतात. दीड लाखात सात रुग्ण कोर्स न तोडता पूर्ण करतील. सुट्टी पडलीच तर लपवू नका, तंत्रज्ञाला लगेच सांगा. शनिवारी जादा सिटिंग घेऊन किंवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन घेऊन काही दिवस भरून काढता येतात. हे त्याच आठवड्यात ठरवावं लागतं, कोर्स संपल्यावर त्याला अर्थ राहत नाही.

घसा_आरसा

वरच्या उत्तराशी सहमत, पण मशीनच्या आधीचा भाग थोडक्यात आटोपलाय आणि माणसं तिथेच जास्त जातात.

आवाज बसून तीन आठवडे झाले तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरने स्वरयंत्र डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे. आरशाने किंवा नाकातून दुर्बीण घालून. भरती नाही, भूल फार तर फवाऱ्याची, पाच मिनिटांचं काम. एवढंसं होत नाही म्हणून महिने जातात. गावाकडे आधी अँटिबायोटिक, मग ॲसिडिटीच्या गोळ्या, मग झोलाछाप, बिनपदवीच्या डॉक्टरचं डेक्सा या स्टेरॉइडचं इंजेक्शन. या इंजेक्शनाने गाठीभोवतीची सूज उतरते, आठवडाभर आवाज मोकळा होतो, माणूस 'बरं वाटलं' म्हणून परत कामाला गुजरातेत जातो. कॅन्सर होता तिथेच असतो.

दुसरा सापळा टीबीचा. मानेत गाठ दिसली की सुईची तपासणी न करता टीबीची औषधं सुरू होतात, कारण आपल्या भागात टीबी खरंच पुष्कळ आहे. दोन महिने औषध घेऊन गाठ कमी होण्याऐवजी वाढते, तेव्हा कुठे शंका येते. चाळिशीपुढच्या तंबाखू-बिडीवाल्याच्या मानेत कडक, न दुखणारी, जागची न हलणारी गाठ असेल तर आधी एफएनएसी (हीच सुईची तपासणी) आणि घशाची दुर्बीण. टीबीचं औषध त्यानंतर. आणि ती गाठ कापून काढून तपासायला द्यायची घाई नको, आधी सुईच. नुसती गाठ काढून टाकली तर मूळ जागा तशीच राहते आणि मानेतले पदर विस्कटल्यामुळे पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

तिसरी गोष्ट फार लोकांना ठाऊक नाही. आरोग्य केंद्रावर तिशीपुढच्या लोकांची कॅन्सर तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची. टॉर्चने तोंड दिसतं, स्वरयंत्र दिसत नाही. 'सरकारी शिबिरात तपासलं, काही नाही निघालं' असं कुणी म्हणालं आणि आवाज बसलेलाच असेल, तर त्या तपासणीचा घशाशी काही संबंध नाही हे समजावून सांगा.

बायकांबद्दल वेगळं लिहितो. स्वरयंत्राच्या मागे, अन्ननलिकेच्या तोंडाशी होणारा एक कॅन्सर आहे, पोस्टक्रिकॉइडचा. वर्षानुवर्षं रक्त कमी असलेल्या, लोहाची कमतरता असलेल्या बायकांमध्ये तो दिसतो, तंबाखूला कधी हात न लावलेल्यांमध्येही. पहिलं लक्षण म्हणजे घास अडकणे. ती पोळी सोडते, मग वरणात कुस्करून खाते, मग नुसती पेज पिते. सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवायला बसते, त्यामुळे हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. दवाखान्यात 'गॅस आहे, टेन्शन आहे' म्हणून बोळवण होते. घास अडकणं, एकाच बाजूला घसा दुखणं, कानात काही नसताना त्याच बाजूचा कान ठणकणं, ही तीन लक्षणं मंडळाने फलकावर लिहावीत. फलक हिंदीत लिहा, भिली बोलणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडून सांगवून घ्या. इथली मराठी पाटी त्या लोकांच्या कामाची नाही.

मालवा_मंडळी

दोघांचेही आभार. घसा_आरसा, तुमच्या पाटीच्या सूचनेने डोळे उघडले.

दोन शंका. आयुष्मान कार्ड असताना पैसे नेमके कुठे लागतात? कारण मंडळात 'पाच लाखांचं कार्ड आहे ना, मग आपण कशाला' असा सूर आहे. आणि मुंबईचं काय?

खिडकी_नंबर_दोन

आयुष्मानचं कार्ड भरती होताना चालतं. पाच लाख हे कुटुंबाला वर्षाचे, माणशी नव्हे. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्न न पाहता कार्ड मिळतं, हे मराठी घरांतल्या आजी-आजोबांनाही लागू आहे, सांगून ठेवा. पण योजनेत भरतीआधीचे फक्त ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले असतात. आता हिशेब करा: दुर्बीण, बायोप्सी, सीटी स्कॅन, रिपोर्टची वाट पाहणं, हे सगळं भरतीच्या कितीतरी आधी होतं. ते खिशातून. आणि बायोप्सीच्या रिपोर्टशिवाय कॅन्सर पॅकेजची मंजुरी येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे सीटीचे पैसे नाहीत तो कार्ड हातात धरून दाराबाहेरच थांबतो. बसभाडं, खोली, सोबत्याचं जेवण, बुडालेली मजुरी यांतलं काहीच योजनेत नाही.

कागदांत हमखास अडतं ते नावात. आधारवर एक, मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीत दुसरं, रेशनच्या पर्चीवर तिसरं. 'कालू', 'कालूसिंह', 'कालिया', माणूस एकच. अंगठा घासून गेलेल्या मजुराचा ठसा मशीन घेत नाही, तेव्हा ओटीपी लागतो आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला असतो. या कामाला दोन-तीन दिवस जातात, क्वचित आठवडा. रुग्ण बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहत असतो तेच दिवस यासाठी वापरायचे. रिपोर्ट आल्यावर कार्डाच्या मागे लागणं म्हणजे तोच आठवडा दुसऱ्यांदा घालवणं. दवाखान्यातल्या आयुष्मान मित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) पहिल्याच दिवशी जा. अडलं तर योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर फोन करा. कार्ड देशभर चालतं, म्हणून बडोद्याला किंवा सुरतेला कामाला असलेल्या अलिराजपूरच्या माणसाने तिथल्या योजनेतल्या दवाखान्यात उपचार घेतले तरी चालतात. कार्डासाठी गावी परतायची गरज नसते, पण हे त्याला कुणी सांगत नाही.

दातांचं काम याच दिवसांत उरकून घ्या. सिकाई सुरू होण्याआधी किडलेले, हलणारे दात काढून १० ते १४ दिवस जखम भरू द्यावी लागते. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येता सडण्याचा धोका असतो. सगळा तपास झाल्यावर दातांकडे पाठवलं की फुकटचे पंधरा दिवस गेले.

मुंबईबद्दल: सरसकट पाठवू नका. दुसरं मत हवं असेल तर बायोप्सीच्या काचा, मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि सीटीची सीडी घेऊन एकदा जाऊन यावं. अवंतिका एक्सप्रेस रात्रीत पोचवते. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट आहे. दवाखान्याच्या डॉक्टरच्या सही-शिक्क्याचा ठरलेला नमुना घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर जावं लागतं. उपचार मात्र साध्या केसचे इथे. सात आठवडे परळच्या फुटपाथवर काढण्यापेक्षा इंदुरात न तुटलेला कोर्स बरा. गुंतागुंतीची शस्त्रक्रिया, आजार परत आलेला, किंवा स्वरयंत्र काढायचं की वाचवायचं यावर डॉक्टरांचं एकमत नाही, तेव्हा जरूर पाठवा. शस्त्रक्रिया झाली आणि पुढे सिकाई लागणार असेल तर ती सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. ही तारीख डिस्चार्जच्या दिवशीच कागदावर लिहून घ्या.

लिनॅक_पस्तीस

सीटीच्या पैशांबद्दल खिडकी_नंबर_दोन यांचं पटलं. मी सगळे पैसे खोली-जेवणाला म्हटलं होतं, ते सुधारतो. एक लाख मुक्कामाला, पन्नास हजार बायोप्सी-सीटीला, असं करा. पाच रुग्ण पूर्ण होतील, पण सुरूच न झालेले काही जण तरी दारातून आत येतील.

नळी_आणि_गाळणी

आहाराचं कुणीच लिहिलं नाही. वर ज्या सुट्ट्यांची चर्चा झाली त्यांतल्या बऱ्याच उपासमारीतून येतात.

सिकाईसाठी चेहऱ्यावर प्लॅस्टिकचा साचा घट्ट बसवतात, दर सिटिंगला तोच. वजन पाच-सहा किलो उतरलं की साचा ढिला होतो, मान हलते, निशाणा चुकतो. मग नवा साचा, नवा सीटी, नवं प्लॅनिंग, यात दोन ते चार दिवस जातात. गरीब रुग्ण मुळातच ४५-५० किलोचा असतो, त्याच्याजवळ उतरायला वजनच नसतं. म्हणून दर सोमवारी वजन करून फाइलवर लिहायचं, आणि गिळणं निम्म्यावर आलं की नाकातून नळी घालायला तयार व्हायचं. 'नळी म्हणजे शेवट' ही समजूत काढणं हेच निम्मं काम आहे. नळी बहुतेकांची कोर्सनंतर काही आठवड्यांत निघते.

पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला १५०० ते १७५० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. डब्यातली पावडर रोज परवडत नाही. इंदुरात कुठेही मिळणाऱ्या वस्तूंत हे बसतं: गाईचं दूध १ लिटर, चण्याचं सत्तू १०० ग्रॅम, पूर्ण उकडलेली अंडी २, तेल ३० मिलि, साखर ५० ग्रॅम. हे साधारण १६५० कॅलरी आणि ६५ ग्रॅम प्रथिनं होतं. मधुमेह असेल तर साखर काढून तिच्याऐवजी काय आणि किती द्यायचं ते आहारतज्ज्ञाला विचारा. अंडं चालत नसेल तर मुगाच्या डाळीचं दाट पाणी आणि थोडं पनीर दुधात वाटून.

सत्तू आधी पाण्यात पातळ शिजवून घ्यायचं. कच्चं घातलं तर नळीत फुगून घट्ट होतं आणि नळी बंद पडते. सगळं मिक्सरमधून काढा, मग मलमलच्या फडक्यातून गाळा. चहाच्या गाळणीतून अंड्याचे कण सुटतात. उकळून गार केलेलं पाणी घालून एकूण दोन लिटर करायचं. दर दोन-अडीच तासांनी २०० ते २५० मिलि, रुग्णाला बसतं करून किंवा उशांवर अर्धवट उठवून, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. आधी आणि नंतर ३० मिलि साधं पाणी सोडायचं. पिचकारीचा दट्ट्या दाबू नका, पिचकारी उंच धरली की आपोआप उतरतं. नाकपुडीशी नळीवर पेनाची खूण करून ठेवा. खूण बाहेर सरकलेली दिसली किंवा खोकला उठला तर काहीही न सोडता दवाखान्यात. उरलेलं मिश्रण एप्रिल-मेच्या उन्हात चार तास बाहेर ठेवू नका, जुलाब लागतात आणि पुन्हा सुट्टी पडते.

खोली घ्याल ती चूल किंवा शेगडी चालणारी घ्या. धर्मशाळेत स्वयंपाकाला मनाई असेल तर हे काहीच जमणार नाही.

मालवा_मंडळी

शेगडीचं लक्षातच आलं नव्हतं. जी खोली जवळजवळ ठरली होती तिथे मनाई आहे, दुसरी बघतो. शेवटचं एक: गळ्याला भोक पाडून नळी बसवलेले रुग्ण खोलीवर ठेवले तर काय सांभाळावं लागेल? मंडळातले लोक घाबरतायत.

घसा_आरसा

घाबरण्यासारखं आहे, पण शिकण्यासारखंही आहे. धोका कफ वाळून नळी बंद होण्याचा. आतली नळी दिवसातून तीन-चार वेळा काढून ब्रशने धुवून परत बसवायची, पण बाहेरची नळी मात्र कधीही काढायची नाही. भोकावर ओलसर गॉजचा पातळ पदर ठेवा. इंदूरच्या उन्हाळ्यात तो तासाभरात वाळतो, तेव्हा लक्ष ठेवा. त्याच मापाची एक जादा नळी आणि बांधायच्या फिती उशाशी हव्यात. आवाज शिट्टीसारखा येऊ लागला, आतली नळी काढूनही श्वास मोकळा होत नसेल, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

नळी धातूची असेल तर सिकाई सुरू होण्याआधी ती बदलून प्लॅस्टिकची बसवून घ्या. धातूवरून किरण विखुरतात आणि आजूबाजूची कातडी भाजते. पहिल्या दिवशी मशीनवर हे लक्षात आलं तर तो दिवस वाया जातो, म्हणून प्लॅनिंगच्या सीटीआधीच बदला.

आणि ज्यांचं स्वरयंत्र पूर्ण काढलेलं आहे त्यांचा श्वास फक्त गळ्याच्या भोकातून चालतो. नाका-तोंडाचा फुप्फुसाशी संबंध उरलेला नसतो. असा माणूस बेशुद्ध पडला तर ऑक्सिजनचा मास्क गळ्यावर धरायचा, तोंडावर नाही. हे एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहून खोलीच्या दाराला आतून लावा, आणि त्याच मजकुराचं कार्ड रुग्णाच्या खिशात ठेवा. बोलून सांगायला त्याच्याजवळ आवाज नसतो.